दही का लागले नाही?

(दूध, दही आणि जनावरांचे औषधपाणी या रोजच्या गोष्टींतून प्रतिजैविक औषधांची ताकद कशी कमी होते, हे लेखकाने या पाठात सांगितले आहे. जनावरांचे रोग दूर ठेवण्याचे दुसरे मार्ग कोणते, याचीही माहिती दिली आहे.)

२०२२ सालचा रमजान एप्रिल महिन्यात आला होता. आपल्या वाशीम जिल्ह्यातला एप्रिल कसा असतो, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. सहरीला दहीभात खाल्ला की दिवसभर तहान कमी लागते, असे माझ्या अम्मीचे मत आहे. म्हणून रमजानमध्ये आमच्या घरी रोज रात्री दुधाला विरजण लावतात. विरजण म्हणजे उर्दूत आपण ज्याला जामन म्हणतो ते.

आमच्याकडे दूध येते ते माझ्या खालांकडून. त्या मंगरूळपीर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात. त्यांच्या गोठ्यात दोन म्हशी, दोन गाई आणि काही शेळ्या आहेत. अंगणात कोंबड्याही फिरत असतात. गावातल्या काही घरी आणि एका चहाच्या दुकानात त्यांचा दुधाचा रतीब आहे. त्यावरच घर चालते.

एके दिवशी सहरीला उठून पाहतो, तर भांड्यातले दूध जसेच्या तसे! दही लागलेच नव्हते. दुसऱ्या रात्रीही तेच झाले. अम्मीने आधी विरजणाला दोष दिला, मग मला. मी म्हणे झाकण उघडे ठेवले. तिसऱ्या रात्री मात्र तिने एक युक्ती केली. दोन सारखी भांडी घेतली. एकात खालांकडचे दूध घातले, दुसऱ्यात दुकानातल्या पिशवीचे. दोन्ही दुधे सारखीच कोमट केली, दोन्हींत एकच विरजण घातले आणि भांडी शेजारी शेजारी ठेवली. सहरीच्या वेळी पिशवीच्या दुधाचे दही घट्ट लागले होते. खालांचे दूध तसेच पातळ होते.

अम्मी चौथीपर्यंतच शिकली आहे. पण तिचा हा प्रयोग तुम्ही विज्ञानाच्या वहीत उतरवून घ्यावा असा आहे. भांडे, विरजण, उष्णता, वेळ, सगळे सारखे ठेवून तिने फक्त दूध बदलले. दोष दुधातच होता हे त्यातून सिद्ध झाले.

त्या रविवारी मी खालांच्या गावी गेलो. खालूंना विचारले, तेव्हा त्यांनी सरळ सांगून टाकले. थोरल्या म्हशीला दगडी झाली होती.

दगडी हा जनावरांच्या कासेचा रोग आहे. पुस्तकात त्याला कासदाह म्हणतात. सडाच्या तोंडातून जंतू आत शिरतात. कास सुजते, गरम होते आणि दगडासारखी टणक लागते. दुधात गाठी येतात. म्हैस धार काढू देत नाही. खालूंकडे मागच्या वर्षीची औषधाची अर्धी बाटली शिल्लक होती. त्यांनी स्वतःच म्हशीला दोन दिवस सुई टोचली. सूज उतरली, म्हणून तिसऱ्या दिवशी औषध बंद केले. दूध मात्र एकही दिवस बंद केले नाही.

“दूध फेकून कसे देणार?” खालू म्हणाले. “सरकी ढेपेचा भाव काय झालाय माहीत आहे का?”

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मी गप्प बसलो.

आता दही न लागण्याचे कारण पाहू या. दही हे जंतूंचेच काम आहे. विरजणात कोट्यवधी जिवंत जंतू असतात. ते दुधातली साखर खातात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लामुळे दूध आंबट होऊन घट्ट होते. उर्दूच्या विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही ज्यांना जरासीम म्हणता, त्यांनाच मराठीत जंतू किंवा जीवाणू म्हणतात. सगळे जरासीम आपले वैरी नसतात. खालूंनी दिलेले औषध म्हशीच्या रक्तातून दुधात उतरले. ते दुधातून आमच्या भांड्यात आले आणि त्याने विरजणातले बिचारे उपयोगी जंतू वाढूच दिले नाहीत. दूध उकळल्याने जंतू मरतात हे खरे. पण बरीचशी औषधे उकळूनही पूर्णपणे नाहीशी होत नाहीत. म्हणजे दही लागले नाही, त्या दिवशी आम्ही सारे घर ते औषध चहातून थोडे थोडे पीत होतो.

अशा औषधांना प्रतिजैविके म्हणतात. ती वाईट आहेत असे मात्र समजू नका. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका काचेच्या बशीत बुरशी आलेली दिसली. त्या बुरशीभोवतालचे जंतू मेलेले होते. त्यातून पुढे पेनिसिलिन मिळाले. आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत मिळाली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्याआधी पायात काटा मोडून जखम चिघळली तरी माणूस दगावत असे. बाळंतिणी दगावत. घरातल्या वृद्धांना विचारा, ते सांगतील.

परंतु फ्लेमिंग यांनीच एक धोक्याची सूचना देऊन ठेवली होती. १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना त्यांनी सांगितले की, पेनिसिलिन अपुऱ्या प्रमाणात घेतले तर जंतू मरणार नाहीत, उलट त्या औषधाला सरावतील. खालूंनी दोन सुया टोचून तिसरी बंद केली, तेव्हा नेमके हेच केले होते.

हे सरावणे कसे घडते? जंतू फार वेगाने वाढतात. आपल्या आतड्यात राहणाऱ्या एका प्रकारच्या जंतूला चांगले अन्न आणि ऊब मिळाली, तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. या हिशेबाने आठ तासांत एका जंतूचे किती होतील? कागदावर करून पाहा. २४ वेळा दुप्पट करायचे आहे. उत्तर १,६७,७७,२१६ येईल. एवढ्या मोठ्या संख्येत एखादा जंतू जन्मतःच थोडा वेगळा निघतो. त्याच्यावर औषध चालत नाही. पुरेसे औषध पुरेसे दिवस दिले, तर बाकीचे मरतात आणि उरलेल्या थोड्यांचा समाचार शरीराची रोगप्रतिकारशक्ती घेते. औषध अर्ध्यावर सोडले, किंवा गरज नसताना थोडे थोडे देत राहिले, तर कमजोर जंतू मरतात आणि चिवट तेवढे मागे राहतात. मोकळ्या झालेल्या जागेत त्यांचीच प्रजा वाढते.

मराठीत म्हणतात, रोग औषधाला दाद देत नाही. मुशायऱ्यात चांगल्या शेराला आपण दाद देतो. मराठीतही गाण्याला दाद देतात. पण ‘औषधाला दाद न देणे’ म्हणजे औषधाचा परिणाम होऊ न देणे. हा वाक्प्रचार लक्षात ठेवा. या पाठात तो पुन्हा येणार आहे.

आणखी एक गोष्ट आहे. परीक्षेत एखादा मुलगा उत्तराची चिठ्ठी मागच्या बाकावर सरकवतो, (तुमच्या वर्गात असे होत नसेल, अशी मला आशा आहे,) तसे जंतूसुद्धा एकमेकांना चिठ्ठी देतात. औषधापासून वाचण्याची युक्ती ज्या धाग्यावर लिहिलेली असते, त्या धाग्याचा छोटासा तुकडा एक जंतू दुसऱ्याला देतो. दुसरा जंतू वेगळ्या जातीचा असला तरी त्याला तो मिळू शकतो. म्हशीच्या शेणातला निरुपद्रवी जंतू अशी चिठ्ठी माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूला देऊ शकतो. शेण शेतात जाते, पावसाचे पाणी विहिरीत जाते. धार काढणारा हात त्याच दिवशी भाकरीलाही लागतो. जंतूंना माणूस आणि जनावर यांच्यामधली भिंत दिसत नाही.

औषधांचेही तसेच आहे. माणसांची आणि जनावरांची प्रतिजैविके पुष्कळदा एकाच कुळातली असतात. कोंबड्यांना आणि गुरांना एनरोफ्लॉक्सासिन नावाचे औषध देतात. जनावराच्या शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिन बनतो. हे सिप्रोफ्लॉक्सासिन माणसांना डॉक्टर लिहून देतात. कोंबडीतले जंतू पहिल्या औषधाला दाद देईनासे झाले, की दुसरेही आपोआप निकामी होऊ लागते.

आजारी जनावराला औषध द्यावेच लागते. पण जगात निरोगी जनावरांनाही ही औषधे चारली गेली आहेत. त्याची हकीकत मोठी विचित्र आहे. १९४८च्या सुमारास अमेरिकेत थॉमस ज्यूक्स आणि त्यांचे सहकारी कोंबडीच्या पिलांच्या खाद्यावर प्रयोग करीत होते. प्रतिजैविक तयार करताना उरलेला चोथा त्यांनी पिलांना चारला. पिले भराभर वाढली. मग काय, जगभर कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या खाद्यात रोज चिमूटभर औषध मिसळण्याची रीतच पडली. चिमूटभर औषध, रोज, हजारो पक्ष्यांना. चिवट जंतू तयार करण्यासाठी याहून सोयीची पद्धत कोणी मुद्दाम शोधली असती तरी सापडली नसती! युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठी अशी औषधे खाद्यात घालण्यास बंदी केली.

आपल्या देशातील कोलिस्टिनचे उदाहरण पाहा. कोलिस्टिन हे जुने औषध आहे. ते मूत्रपिंडाला त्रास देते म्हणून डॉक्टरांनी बाजूला ठेवले होते. पुढे रुग्णालयांतले काही जंतू इतर कोणत्याच औषधाला दाद देईनात, तेव्हा अतिदक्षता विभागात हेच औषध शेवटचा उपाय म्हणून वापरावे लागले. त्याच काळात ते कोंबड्यांच्या खाद्यातही मिसळले जात होते! २०१५ साली चीनमधील शास्त्रज्ञांना डुकरांमधील जंतूंत कोलिस्टिनपासून वाचण्याची ‘चिठ्ठी’ सापडली. ती एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जात होती. जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने खाण्यासाठी पाळलेले प्राणी, कोंबड्या, मासे आणि त्यांचे खाद्य यांसाठी कोलिस्टिन तयार करण्यावर आणि विकण्यावर बंदी घातली. हा निर्णय योग्य होता. तो आणखी काही वर्षे आधी झाला असता तर बरे, असे मला वाटते.

आता पुन्हा खालूंकडे वळतो. त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांच्या पायाला गोठ्यातला पत्रा लागला. त्यांना मधुमेह आहे. जखम भरेना. गोळ्या झाल्या, सुया झाल्या, पाय सुजतच गेला. शेवटी अकोल्याला नेले. डॉक्टरांनी जखमेतला पू तपासायला पाठवला. तीन दिवसांनी कागद हाती आला. त्यावर एका खाली एक औषधांची नावे होती आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. ‘एस’ म्हणजे या औषधाने जंतू मरतो. ‘आर’ म्हणजे जंतू या औषधाला दाद देत नाही. मी वाचू लागलो. आर. आर. आर. एस. पुन्हा आर. वाचता वाचता माझा आवाज बसला. खाला पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी अक्षरे वाचता येत नव्हती, पण माझा चेहरा वाचता आला.

डॉक्टरांनी विचारले, “घरी जनावरे आहेत का? त्यांना कोणत्या सुया देता?”

खालू खाली पाहू लागले. डॉक्टर समजुतीने म्हणाले, “हा जंतू म्हशीकडूनच आला असे मी म्हणणार नाही. ते सांगता येत नाही. तुम्ही स्वतःही पूर्वी अर्धवट गोळ्या खाल्ल्या असतील. पण येथून पुढे दोघांचीही काळजी घ्या.”

जी दोन-तीन औषधे ‘एस’ होती, त्यांतले एक सुरू झाले. खालू अठरा दिवस रुग्णालयात होते. पायाचे एक बोट काढावे लागले. पाय वाचला. त्यासाठी एक म्हैस विकावी लागली.

सगळ्यांनाच असे औषध वेळेवर सापडत नाही. शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार माणसे केवळ औषधाला दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे दगावली.

मग करायचे काय? जनावर आजारी पडले तर औषध द्यायचेच नाही का? तसे नाही. मुळात आजार येऊच न देणे आणि आलाच तर आधी दुसरे उपाय पाहणे, हा मार्ग आहे. त्यात पहिला मान लसीचा.

येथे भाषेची एक गंमत सांगतो. उर्दूत लसीला टीका म्हणतात. मराठीत टीका म्हणजे एखाद्याचे दोष दाखवणे. मागे एका मुलाने निबंधात लिहिले होते, “डॉक्टरांनी सर्व मुलांवर टीका केली.” तुम्ही ‘लस टोचली’ असे लिहा.

लस जंतूला मारत नाही. ती शरीराला आधीच शत्रूची ओळख करून देते. नॉर्वे देशात समुद्रात जाळी लावून सामन मासे पाळतात. १९८७ साली त्या माशांसाठी सुमारे ५० टन प्रतिजैविके वापरली गेली. मग माशांसाठी लसी निघाल्या. एकेका लहान माशाला सुई टोचू लागले! नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत औषध एक ते तीन टनांवर आले आणि मासे मात्र कितीतरी वाढले होते.

आपल्याकडेही लसी आहेत. गुरांना घटसर्प आणि फऱ्या या रोगांची लस पावसाळ्यापूर्वी टोचतात. शेळ्यांना आंत्रविषाराची, कोंबड्यांना राणीखेत म्हणजे मानमोडीची लस असते. पुण्याला औंध येथे जनावरांच्या लसी तयार करणारी सरकारी संस्था आहे. राणीखेत हा विषाणूचा रोग आहे. विषाणूवर प्रतिजैविकाचा काहीच परिणाम होत नाही. तरी कोंबड्या माना टाकू लागल्या की लोक दुकानातून प्रतिजैविकाची पुडी आणून पाण्यात टाकतात. कोंबड्याही जातात आणि पैसेही जातात.

२०२२ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात लम्पी त्वचारोग आला तेव्हाही हेच दिसले. आपल्या विदर्भात कितीतरी गाईबैलांच्या अंगावर गाठी आल्या. लम्पीही विषाणूचाच रोग. त्यावर शेळ्यांच्या देवीची लस उपयोगी पडते म्हणून राज्यभर गुरांना ती टोचण्यात आली. खालू तेव्हा नुकतेच रुग्णालयातून घरी आले होते. त्यांनी काठी टेकत स्वतः दोन्ही गाई लसीकरणाला नेल्या.

दगडीसाठी मात्र सर्वांत मोठा उपाय स्वच्छता हाच आहे. धार काढण्यापूर्वी हात आणि कास धुऊन कोरडी करावी. अंगठा दुमडून सड ओढण्यापेक्षा पूर्ण मुठीने धार काढावी, म्हणजे सडाला इजा होत नाही. धार काढल्यावर सडाचे तोंड सुमारे अर्धा तास उघडे राहते. त्या वेळी जनावर शेणात बसले की जंतू सरळ आत जातात. म्हणून दूध काढल्याबरोबर पुढ्यात चारा टाकावा. जनावर खात उभे राहते. हा उपाय फुकटचा आहे, म्हणूनच बहुधा लोकांना तो उपाय वाटत नाही.

लपलेली दगडी ओळखण्याची एक सोपी चाचणी तुम्हीही करू शकता. १०० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा. एका बशीत एका सडाचे थोडे दूध आणि तेवढेच हे पाणी घेऊन गोल हलवा. मिश्रण पातळ राहिले तर कास निरोगी समजावी. ते चिकट, बुळबुळीत झाले तर आत रोग सुरू झालेला असतो. चाचणीचे दूध लगेच फेकून द्या. मांजरही ते पिणार नाही, अशी काळजी घ्या.

रोग नुकताच सुरू झाला असेल तर एक घरगुती लेप आहे. आणंदचे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ त्याचा प्रसार करते. कोरफडीची पाने २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम एकत्र वाटायचे. लालसर लगदा होतो. दूध पूर्ण काढून, कास धुऊन, लगद्यातला थोडा भाग पाण्यात पातळ करून संपूर्ण कासेला लावायचा. दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस. रोज दोन लिंबेही खाऊ घालतात. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका. जनावराला ताप असेल, ते खात नसेल, किंवा दुधात रक्त येत असेल, तर लेपावर विसंबून राहू नये. पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. तेथेही गरज पडली तर दुधाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. खालूंच्या जखमेसारखी दुधाचीही ‘आर’ आणि ‘एस’ची यादी येते आणि योग्य ते एकच औषध देता येते. आपल्याला जवळ म्हणजे अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यकीय संस्था आहे. १९९८ साली वाशीम वेगळा जिल्हा होईपर्यंत आपण अकोला जिल्ह्यातलेच होतो.

आणखी एक उपाय शास्त्रज्ञ अभ्यासत आहेत आणि त्याची सुरुवात आपल्याच देशात झाली आहे. १८९६ साली आग्र्याला अर्नेस्ट हँकिन नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ होते. त्यांना आढळले की गंगा आणि यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू सोडले तर काही तासांत मरतात. तेच पाणी उकळले तर मात्र जंतू मरत नाहीत. पाण्यात असे काय आहे, हे तेव्हा कळले नाही. १९१७ मध्ये फेलिक्स द’एरेल यांनी जंतूंना खाणाऱ्या अतिसूक्ष्म विषाणूंचा शोध जाहीर केला. हे विषाणू जंतूच्या आत शिरतात, तेथे वाढतात आणि जंतूला फोडून बाहेर पडतात. १९१९ साली द’एरेल यांनी फ्रान्समधील आजारी कोंबड्यांवर त्यांचा प्रयोग केला. पुढे १९२७ मध्ये ते पटकीच्या रोग्यांसाठी हिंदुस्थानातही आले होते. नंतर पेनिसिलिन आले आणि जग हे विषाणू विसरले. जॉर्जिया देशातील तिबिलिसी येथे १९२३ साली स्थापन झालेल्या संस्थेने मात्र ते काम सोडले नाही. आता प्रतिजैविके हरू लागल्यावर सगळ्यांना त्या संस्थेची आठवण झाली आहे. या विषाणूंचा एक गुण असा की, एक विषाणू ठरावीक जंतूलाच मारतो. बाकीच्यांना तो हात लावत नाही. अडचणही तीच आहे. प्रत्येक वेळी जंतू ओळखून नेमका विषाणू शोधावा लागतो. त्यामुळे ते अजून रोजच्या वापरातले औषध झालेले नाही.

एवढे करूनही कधी कधी प्रतिजैविक द्यावेच लागते. अशा वेळी बाटलीवरचा कागद वाचायला हवा. औषध थांबवल्यावर किती दिवस दूध, अंडी किंवा मांस वापरू नये, ते त्यावर लिहिलेले असते. २०१२ च्या सरकारी नियमाप्रमाणे असा काळ दिलेला नसेल, तर दूध आणि अंडी निदान ७ दिवस आणि मांस निदान २८ दिवस वापरता येत नाही. बकरी ईदसाठी बकरा घेताना आपण त्याचे दात पाहतो, शिंगे पाहतो, तो लंगडतो का ते पाहतो. गेल्या महिन्यात त्याला कोणती सुई दिली होती, हेही मालकाला विचारायला काय हरकत आहे?

खालूंनी आता गोठ्याच्या खांबाला एक जुनी पाटी टांगली आहे. जनावराला सुई दिली की त्यांचा नातू त्यावर जनावराचे नाव, औषध दिल्याची तारीख आणि दूध पुन्हा सुरू करण्याची तारीख लिहितो. तेवढे दिवस त्या जनावराचे दूध वेगळे काढून जमिनीत पुरतात. पहिल्यांदा असे केले, तेव्हा सात दिवसांचा रतीब बुडाला. चहावाला रागावून दुसरीकडे दूध घेऊ लागला. तो अजून परत आलेला नाही. खाला अधूनमधून त्यावरून बोलतात. खालू ऐकून घेतात आणि पाटीकडे बोट दाखवतात.

मागच्या महिन्यात मी गेलो, तेव्हा पाटीवर एकच ओळ होती: “काळी शेळी, सुई ३ तारखेला.” पुढची तारीख नातवाने चुकीची काढली होती. आम्ही दोघांनी बोटांवर मोजून ती दुरुस्त केली.

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अम्मीने दोन भांड्यांत कोणती एकच गोष्ट वेगळी ठेवली?
(आ) दगडी रोगात जंतू कोठून आत शिरतात?
(इ) कोलिस्टिनवर जनावरांसाठी बंदी केव्हा आली?

प्रश्न २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) खालूंनी औषध लवकर बंद केले, त्यामुळे कोणता धोका निर्माण झाला?
(आ) धार काढल्यावर जनावराला लगेच चारा का टाकावा?
(इ) चहावाल्याचा रतीब बुडाला, तरी खालूंनी दूध जमिनीत पुरले. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते?

प्रश्न ३. ‘दाद देणे’ आणि ‘दाद न देणे’ यांचा अर्थ सांगून प्रत्येकी एक वाक्य तयार करा. ‘टीका’ या शब्दाचे उर्दूतील व मराठीतील अर्थ लिहा.

उपक्रम: तुमच्या गावातील दूध विकणाऱ्या एका कुटुंबाला भेट द्या. जनावर आजारी पडल्यावर ते काय करतात, ते विचारा आणि मराठीत दहा ओळी लिहा.